दुसऱ्या दिवसाचं रक्त

नांदेडला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. गुरुद्वारा पाहिलात का आणि ऊन किती होतं. गुरुद्वारा मी रिक्षातून पाहिला. गेले होते भाद्रपदात, त्यामुळे ऊन होतं पण सांगण्यासारखं नव्हतं. मग विचारतात, कशासाठी गेला होतात? बायकांच्या पाळीच्या तक्रारी आणि हार्मोनचे बिघाड यांच्या अभ्यासासाठी रक्त गोळा करायला गेले होते, असं सांगितलं की प्रश्न तिथेच संपतात. लोक बिस्किटाची बशी पुढे करतात. म्हणून लिहून काढते आहे. वाचायचं नसेल त्याने इथेच थांबावं, मला राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टींचा आहे, तो पुढे येईलच.

आमच्या कामाची रीत आधी सांगायला हवी. अंडाशयाचं काम नीट चाललंय का हे रक्तावरून बघायचं, तर ते रक्त पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घ्यावं लागतं. एरवी घेतलेल्या रक्तातले आकडे कामाचे नसतात. म्हणून ठरलं ते असं: गावातल्या आशाताईने बायकांची नावं घ्यायची, कुणाची पाळी आली की मला फोन करायचा, आणि दुसऱ्या दिवशी सुई, नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन मी हजर. पुण्यातल्या थंडगार खोलीत हे ठरलं तेव्हा सगळे खूश होते. त्या खोलीत बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना पाळी येत नव्हती, कारण ते पुरुष होते.

नांदेड

लॉजखालच्या हॉटेलात सकाळी पोहे मागितले तर मालक म्हणाला, इडली घ्या. दुसऱ्या दिवशी पोहे मागितले, तर म्हणाला, वडा गरम आहे. मालक देगलूरकडचा. गिऱ्हाइकाशी मराठी, आचाऱ्याशी तेलुगू, आणि फोनवर बायकोशी बहुधा कानडी. तिन्ही भाषांत त्याला पोहे आवडत नव्हते.

"मॅडम कोण्या कंपनीच्या?" त्याने विचारलं.

"कंपनी नाही हो, संशोधन. रक्त तपासतो."

"मंग माझी शुगर बघून टाका की. हाताला आलाच डबा तर."

बायकांचं रक्त, असं म्हटल्यावर तो न मागता चटणी वाढून गेला. मराठवाड्यातली माणसं लाजली की वाढतात. हा अनुभव मला पुढे बऱ्याच घरांत आला.

कंधारच्या अलीकडचं एक गाव

गावाचं नाव सांगत नाही. नांदेडहून कंधारकडे जाताना काळ्या रानातून रस्ता जातो. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मधल्या तुरी हिरव्यागार होत्या, आणि दसऱ्यासाठी लावलेला झेंडू कुठेकुठे फुटत होता. बघायला फार छान. गाडीत बसून सगळंच छान दिसतं.

आशाताईचं नाव कमल. हसरी, घाईची बाई. फोनवर म्हणाली होती, "ताई, जागेची फिकीर करू नका. सरपंचबाईच्या मालकानं फस्टक्लास सोय करून राहिले." सोय खरोखरच फर्स्टक्लास होती. स्वच्छ फरशी, पंखे, लाइट गेली तर इन्व्हर्टर. मी टेबल मांडलं, नळ्या लावल्या आणि वाट बघत बसले.

कुणीच येईना. तासाभराने बायका आल्या त्या सगळ्या पिकल्या केसांच्या. एकीचा गुडघा, एकीचं बीपी, एकीला नुसतंच बसायचं होतं. ज्यांची नावं कमलने दिली होती त्यातली एकही नाही. मी वैतागून उठले, पाणी प्यायला वळले आणि समोर बघते तर शेंदूर लावलेला मारुती! आम्ही मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसलो होतो.

"अहो कमलबाई," मी म्हटलं, "दुसऱ्या दिवसाची बाई देवळात येईल कशी?"

कमलने आधी जीभ चावली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आगं माय! माझ्या ध्यानातच न्हाई आलं. तुमीच म्हणल्या ना, पंखा पायजे, लाइट पायजे. गावात तेवढं फकस्त मारुतीलाच हाय."

मग मीही हसले. पिकल्या केसांच्या बायका तर एकमेकींच्या अंगावर रेलून हसल्या. एवढं हसू त्या सबंध प्रवासात पुन्हा आलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

डबा उचलून आम्ही घरोघर निघालो. घरात मात्र जायचं नव्हतं. ज्यांना मी शोधत होते त्या घरात नसायच्याच. कुणी मागच्या पडवीत, कुणी न्हाणीशेजारी, कुणी जिन्याखाली पोतं टाकून. काही घरांत हे कधीच बंद झालं होतं, त्या बायका उंबऱ्यातच भेटल्या. पण ते कुठल्या घरात चालू असेल आणि कुठल्या घरात नाही, याचा बाहेरून अंदाज येत नसे. चांगली स्लॅबची घरं, दारात ट्रॅक्टर, आणि सून मागच्या दाराशी. आमच्या सांगलीच्या घरी आईने हे पाळणं सोडलं ते तिला नोकरी लागली तेव्हा, कारण डबा करायला दुसरं कुणी नव्हतं. पुण्यात माझ्या शेजारणी गौरींच्या आधी पाळी लांबवायच्या गोळ्या खातात आणि वर स्वतःला सुधारलेल्या म्हणवतात. तेव्हा गावाला नावं ठेवायला मी तोंड उघडलं नाही. रक्त घेतलं आणि पुढे गेले.

सुवर्णा गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत होती. वय पंचविशीचं. एक मुलगी, चार वर्षांची, ती दाराबाहेर उभी राहून आईशी बोलत होती, कारण आत गेली तर तिचेही कपडे बदलावे लागले असते. बाहेर उकडत होतं आणि सुवर्णा शाल पांघरून बसली होती. चेहरा सुजल्यासारखा, आवाज बसका, केस विरळ. ती पाणी प्यायली तेव्हा गळ्याशी एक गोळा वर गेला आणि खाली आला. माझं अर्धं आयुष्य या ग्रंथींत गेलं आहे. मला नळीची गरज नव्हती.

"आज कितवा दिवस?" मी विचारलं.

"कोणता सांगू?" ती म्हणाली. "बंदच होत न्हाई तर मोजू कशी? महिन्यातले लई दिवस मी हितंच आस्ते."

"कधीपासून?"

"ही झाली तवापासून. औंदा महालक्ष्म्याला आत्याबाईनं गोळ्या आणून दिल्या लांबवायच्या. त्या बंद केल्या आन् मंग तर नळ सोडल्यावानी झालं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, जनाबाई. मी अंगणात आले तेव्हा त्या चुलीवर भाकरी थापत होत्या. वय झालेलं, गुडघे गेलेले, तरी घरच्यांचा आणि गड्यांचा स्वयंपाक त्याच करत होत्या. सून आत येऊ शकत नव्हती ना! मला पाट दिला, येसराची आमटी आणि भाकरी वाढली, वर शेंगदाण्याची चटणी, आणि तेल घेऊ की नको म्हणेपर्यंत तेल. सासू म्हणून शिव्या द्याव्यात अशी ती बाई नव्हती. मला ते जास्त सोयीचं झालं असतं.

"पिशवी काढून टाकायची हिची," जनाबाई म्हणाल्या. "नांदेडच्या डागतरनं सांगितलं, ठेवली तर क्यान्सर व्हतो. एकदा काढली की कटकट मिटली. तीबी सुटली, मीबी सुटले."

गर्भाशयाबद्दल असं बोलतात, जसं आपण अक्कलदाढेबद्दल बोलतो. त्या एका गावात पिशवी काढलेल्या, पण अजून चाळिशीही न गाठलेल्या बायका मला इतक्या भेटल्या की मी कमलला विचारणं सोडून दिलं. कॅन्सर हा शब्द डॉक्टरने नुसता टेबलावर ठेवायचा, बाकीचं काम घर करतं.

मी भाकरी बाजूला ठेवली. "जनाबाई, ऐका माझं. हिची पिशवी चांगली असणार. बिघाड गळ्यात आहे. इथे एक गाठ असते, ती काम करेनाशी झाली की बाई सुजते, गारठते, रक्त थांबत नाही. सकाळी एक गोळी घ्यायची, बस. काही महिन्यांत थांबेल."

"गळ्यातल्या गाठीनं खालचं रगत?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मी पुण्याची नसते तर हसल्या असत्या.

नवरा, दत्ता, खळ्यावरून आला होता. त्याला म्हटलं, उद्याच्या उद्या हिला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ने, ही तपासणी करून घे. तो म्हणाला, "बघतो मॅडम, सोयाबीन काढून झालं की." बरा माणूस. मान खाली घालून बोलणारा.

माझ्या हातात काय होतं? आमच्या अभ्यासाचं रक्त गोठवून पुण्याला जातं, नावाऐवजी नंबर लावून, आणि निकाल बाईला कळतो तो अभ्यास आटोपल्यावर. याला शिस्त म्हणतात. मी त्या शिस्तीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि एक जादा नळी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी मी लातूरला जाणार होते, तिथे खाजगीत तपासून घेता येणार होती.

"मी लातूरचं काम करून येते," मी जनाबाईंना म्हटलं. "गोळी घेऊनच येते. तोवर ऑपरेशन करू नका. कबूल आहे?"

"आता तर पितर चालू हायत," जनाबाई म्हणाल्या. "पितरात कोण काय करतंय, माय? जावा तुमी बिनघोर."

आणि मी बिनघोर गेले. पितृपंधरवडा सुरू होता. पितृपंधरवड्यात आमच्याकडे माणसं साधा मिक्सरसुद्धा घेत नाहीत. सर्वपित्रीपर्यंत ही बाई सुरक्षित आहे, अशी माझी खात्री झाली. निघताना जनाबाईंनी कापडात बांधलेले धपाटे हातात दिले. त्यांची धाकटी मुलगी वैष्णवी लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला होती, तिच्यासाठी.

लातूर

अहमदपूर, चाकूर करत लातूर येतं. शिकवण्यांच्या भागात शिरलं की आभाळ दिसत नाही, फलकच दिसतात. त्यांच्यावर गेल्या वर्षी पास झालेल्या पोरापोरींचे चेहरे. खाली वसतिगृहं, खाणावळी, झेरॉक्स, आणि दर चार दुकानांमागे एक मेडिकल. संध्याकाळी गाड्यांवर निलंगा राईस मिळतो. तिखटजाळ पिवळा भात, वर कांदा-लिंबू. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ला आणि दुसरी प्लेट घेतली. लातूरबद्दल माझी तक्रार नाही असं म्हणता येण्याजोगी ती एकच गोष्ट.

तिथलं आमचं काम वसतिगृहातल्या मुलींमध्ये होतं. पाळी महिनोन्महिने नाही, हनुवटीवर केस, वजन वाढलेलं, झोप नाही. आणि इथेही दुसरा दिवस सापडेना, पण निराळ्या कारणाने. दर आठवड्याला चाचणी परीक्षा, आणि परीक्षेत पोट दुखायला नको म्हणून मुली गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलत होत्या. एकीने आणल्या की अख्ख्या खोलीने घ्यायच्या. शरीराच्या धड्यात हार्मोनची यादी तोंडपाठ म्हणणाऱ्या मुली, आणि तेच हार्मोन पेपरमिंटसारखं गिळत होत्या. गावात सुनेला महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे आमच्या गौरींसाठी गोळी, इथे लेकीला मेरिटसाठी. बाईच्या पोटाला ज्याने त्याने आपापलं वेळापत्रक लावायचं, असाच कारभार सगळीकडे.

वैष्णवीने धपाटे उघडताच वास घेतला आणि डोळे भरून आले तिचे. चुणचुणीत पोर. तिची पाळीही दोन महिने आली नव्हती. तिला गोळ्यांवरून रागावले, मग वहिनीची सगळी हकिगत सांगितली.

"थायरॉईड आहे ना?" ती चटकन म्हणाली. "आम्हाला अभ्यासाला होतं ते. वहिनीचा गळा मी उन्हाळ्यात बघितला होता, पण मला वाटलं जाड झाली."

"तुझं ऐकतील घरी. फोन कर आईला. सांग, ऑपरेशन नको."

तिने माझ्यासमोर फोन लावला. "आई, वहिनीची पिशवी काढू नका. मॅडम गोळी आणून राहिल्या. ऐकतीस का?" पलीकडून जनाबाईंचा आवाज, "हाव, हाव. तू अभ्यास कर. जेवलीस का?" मागे कुणीतरी नावं पुकारत होतं. वैष्णवी म्हणाली, बँकेत असेल आई. फोन ठेवून ती मला म्हणाली, "झालं मॅडम, माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते." मला इतकं हलकं वाटलं की मी तिला राईस खायला घेऊन गेले.

तपासणीचा निकाल माझ्या अंदाजापेक्षा वाईट आला. ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवला. त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "हिची पिशवी कोण काढायला निघालंय? त्याला आधी शाळेत घाला." गोळी लिहून दिली, सुरुवात किती मात्रेने करायची ते सांगितलं, आणि पोरीला एकदा माझ्याकडे आण म्हणाल्या. गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकली. हाताच्या मुठीत मावेल एवढीशी बाटली. परतीच्या वाटेवर मी ती दोनदा काढून बघितली, उगाचच, आनंदाने.

पुन्हा त्याच गावी

सर्वपित्री दुसऱ्या दिवशी होती. मी थेट पत्र्याच्या खोलीकडे गेले. खोली रिकामी होती, झाडून काढलेली, आत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. माझ्या मनात आलं, वा, थांबलं वाटतं रक्त आपणहून.

जनाबाई दारातच भेटल्या. चेहरा उजळलेला. "या, या! घरात हाय ती. आता घरातच हाय कायमची."

मधल्या खोलीत खाटेवर सुवर्णा निजली होती. पोटावर पट्टा. शेजारी तिची मुलगी, आईच्या अंगावर पाय टाकून. देवघर तिथून हातभरावर.

माझ्या तोंडून नको ते शब्द फुटले. "तुम्ही मला शब्द दिला होता! पितरात काही करत नाही म्हणालात! तुमच्या मुलीला फोनवर हाव म्हणालात!"

जनाबाई खरोखर गोंधळल्या. "आवं, पितरात चांगलं काम करत न्हाईत. लगीन, वास्तू, खरेदी. हे काय चांगलं काम हाय? शरीरातलं काढून टाकायचं, ते पितरातच बरं. नवरात्रात घट बसल्यावर कापाकापी कशी करायची? पोरीचा फोन आला तवा दवाखान्यातच व्हते मी. तिला कशाला सांगू, परीक्षा हाय तिची."

मी पन्नाशीला आलेली, याच धर्मात वाढलेली, महिने आणि तिथ्या मलाही कळतात. मी पितर म्हणजे बंदी एवढंच धरलं होतं. त्यांचं पंचांग माझ्यापेक्षा बारीक होतं. आणि नांदेडच्या त्या डॉक्टरला तर अमावास्याही चालली असती. पंधरवडाभर रिकाम्या पडलेल्या खाटा त्याने अशाच भरल्या असणार. त्या माणसाने तिच्या गळ्याकडे एकदा, नुसतं एकदा बघायला हवं होतं! भूल द्यायच्या आधी तरी!

दत्ता दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "गळ्याचं बी विचारलं व्हतं मॅडम मी," तो पुटपुटला. "डागतर म्हणला, ते नंतर बघू." आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

जनाबाई स्वयंपाकाला वळल्या. मी खाटेवर बसले. सुवर्णाचा हात गारच होता.

"ताई, रागावू नका त्यांना," ती म्हणाली. "लई मनापासून केलं त्यांनी. औंदा मी घटाच्या खोलीत हाय बगा. ही माझ्याजवळ निजती आता. चार साल न्हाई निजली."

मी बाटली बाहेर काढली. गोळी द्यायलाच हवी होती. पिशवी गेली तरी गळा तसाच होता, सूज तशीच, गारठा तसाच. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी एक, पाण्याबरोबर, नंतर तासभर चहासुद्धा नाही. तिने नीट ऐकून घेतलं, परत म्हणून दाखवलं.

मग तिने बाटली हातात फिरवत विचारलं, "हीच का ती? ह्यानं थांबलं असतं?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचं कशाला, असा माझा स्वभाव.

तिने मुलीचे केस मागे सारले. मुलगी झोपली होती. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मंग लेकरूबी ह्याच्यामुळंच राहत नव्हतं का, ताई? हिच्या पाठीवर? चार साल वाट बघितली आमी."

"असू शकतं."

"ही गोळी घेतली असती तर झालं असतं?"

"कदाचित," मी म्हटलं. "बऱ्याच जणींना होतं."

तिने माझा हात धरला. घट्ट, नखं रुतेपर्यंत. आवाज मात्र जनाबाईंना ऐकू जाऊ नये इतका खाली. "न्हाई म्हणा की ताई. नसतंच झालं म्हणा. तुमी शिकलेल्या हाव, तुमी म्हणल्या तर मला पटंल."

वीस वर्षं मी आकड्यांची नोकरी केली. सिद्ध झालं नाही ते बोलायचं नाही, असं पोरांना शिकवलं.

"नसतंच झालं," मी म्हटलं. "गोळी घेतली असतीस तरी नसतं झालं."

"सप्पत?"

"शपथ."

तिने हात सोडला. जनाबाई ताट घेऊन आल्या, मऊ भात आणि वरण. सुवर्णा कोपरावर उठून बसली आणि खाऊ लागली.